नळी जाड की बारीक

सुरतेत सकाळी सात वाजता आबांच्या खाटेखालची बाटली पाहणं हा आता माझा नेम झाला आहे. आबा शहाद्याकडचे, लिंबायतात राहून जन्मभर लूम चालवली. फुप्फुसाचा एक खंड काढून आज तिसरा दिवस. बरगड्यांमधून आलेली नळी बाटलीतल्या पाण्यात दोनेक सेंटीमीटर बुडालेली असते. छातीतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, बाहेरची आत शिरत नाही. सिंगणपोरचा बंधारा तापीला समुद्राकडे जाऊ देतो, पण भरतीचं खारं पाणी वर चढू देत नाही, त्यातलाच प्रकार. हांबुर्गच्या ब्यूलाउ या डॉक्टरांनी छातीतला पू काढण्यासाठी वापरलेली ही युक्ती १८९१ साली छापून आली. बाटली मात्र छातीच्या खालीच हवी. उचलून वर धरली, तर पाणी उलटं आत जायचं.

ऑपरेशनआधी मी डॉक्टरांना म्हटलं होतं, बारीकच नळी घाला. नातेवाईक दुसरं काय म्हणणार! त्यांनी २८ नंबरची घातली. नंबराला तीनने भागलं की मिलिमीटर. म्हणजे करंगळीहून थोडी बारीक. पूर्वी दोन घालत, वरची हवेसाठी, खालची रक्तपाण्यासाठी. आता पुष्कळदा एकीवर भागतं. जाड नळी बरगडीखालची शीर दाबते, दुखतं. दुखतं म्हणून माणूस खोकत नाही, कफ साचतो, उरलेलं फुप्फुस फुलत नाही. मग बारीक का नको? पहिल्या दिवसांत रक्त येतं, गुठळी अडकते. शिवाय व्यास निम्मा केला, तर त्याच दाबाला प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. हा हिशोब ऐकल्यावर मी गप्प बसलो. नुसती हवा काढायची असती, तर कदाचित माझंच ऐकलं असतं.

“काका, जरा उधरस खाओ ने!” सिस्टर म्हणाल्या. खोकला खायचा असतो, याचं आबांना अजून हसू येतं, आणि हसलं की टाके ओढतात. उशी छातीशी घट्ट धरून ते खोकले. नळीतलं पाणी वर चढलं, उतरलं. दोन बुडबुडे.

“काल पाच व्हतात,” आबा म्हणाले. तुटलेले धागे मोजणारे डोळे. हवा थांबली आणि पाणी कमी झालं, की नळी निघेल.

त्यांनी उशी पुन्हा जवळ ओढली.