तूट कुणाच्या नावे?

विचारसरणी म्हटली, की आपल्या डोळ्यांसमोर झेंडे, मोर्चे आणि घसा बसलेले पुढारी येतात. आयुष्यभर खातेवहीत नाक खुपसून बसलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला मात्र ती भलत्याच ठिकाणी भेटते. जमाखर्चाच्या रकान्यात ती मुकाट बसलेली असते.

मुंबईच्या 'बेस्ट'चंच घ्या. ऑगस्ट १९४७ मध्ये महापालिकेने ही खासगी कंपनी ताब्यात घेतली. वीज आणि बस ही एकाच घरातली दोन भावंडं. थोरला कमावता, धाकटा खर्चिक. विजेच्या शिलकेतून बसची तूट कित्येक वर्षं भरली जाई. आता विजेचं बिल भरणारा म्हणणार, "दुसऱ्याच्या तिकिटाचे पैसे मी का द्यायचे?" आणि बसला लोंबकळणारा म्हणणार, "मी पोचलोच नाही, तर तुमच्या हपिसातले दिवे लावणार कोण?" दोघांचंही खरं. पंचाईत ती हीच!

२०१९ साली किमान भाडं पाच रुपयांवर आलं. मे २०२५ मध्ये साध्या बसला दहा झालं. आकडे दोन्ही बाजूंना होते. आकडा मोठा सोशिक प्राणी. ज्याच्या मांडीवर बसेल त्याची री ओढतो.

आता सांगा, फुटपाथ तोट्यात चालतो असं कधी ऐकलंत? अग्निशामक दल नफ्यात आलं म्हणून कुणी पेढे वाटले? त्यांचा खर्च ती 'सेवा'. बस तिकीट फाडते, म्हणून तिची 'तूट'. हा भेद गणिताने केलेला नाही, माणसाने केला.

महात्मा फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागताचा खर्च निघाला, तेव्हा तो पैसा शिक्षणावर लावा म्हणून विरोधात मत देणारे ते एकटेच. गंमत बघा, एकट्याने मत मांडलं की ती विचारसरणी, आणि बाकीच्यांनी हात वर केले की तो व्यवहार!

म्हणून कुणी "आम्ही फक्त व्यवहार बघतो" म्हणालं, की मी विचारतो, तूट कुणाच्या नावे टाकलीत? ती कुणीतरी भरतोच. पालिकेने नाही भरली, तर दोन स्टॉप अलीकडे उतरून चालत जाणारी धुणंभांडीवाली बाई भरते. फक्त तिच्या चपलांचा घसारा कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.