चाहत्याचे मत आणि पडद्यावरची नर्मदा

लोकप्रिय चित्रपटाच्या चाहत्याला आवड असते, मत नसते, असे मानणारी समीक्षा सध्या पुन्हा जोरात आहे. गल्ल्याचे कोटींचे आकडे आणि पोस्टरवर ओतले जाणारे दूध दाखवून ती सांगते की चाहता नटाला बांधलेला असतो, त्याचा कौल आधीच ठरलेला असतो, तेव्हा त्याचे ऐकायचे कशाला? हा दावा दिसतो तितका भक्कम नाही. त्यामागे चाहत्याविषयी तुच्छता आहे आणि रसिकतेच्या जुन्या शास्त्राविषयी अनास्थाही आहे. हा दावा हवेत खोडून काढण्यापेक्षा एका गावातल्या चाहत्याची यादी समोर ठेवून तपासणे अधिक प्रामाणिक ठरते.

ते गाव जबलपूर. शहराच्या जुन्या बाजारात, बडा फुहारा आणि सराफ्याच्या सान्निध्यात कमानिया गेट उभे आहे. १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली जवळच्या त्रिपुरीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याची ही आठवण. खव्याच्या जिलबीसाठी लोक जिथे थांबतात, तिथे सिनेमाच्या गप्पा निघणारच. या गप्पांत मराठी माणूसही जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख सागरच्या मराठ्यांकडून नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. पुढे १९५६ पर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेने ती गाठ सोडवली, पण चित्रपटांच्या धंद्याने सोडवली नाही. वितरकांच्या नकाशावर विदर्भ, महाकोशल आणि छत्तीसगड अजूनही ‘सी. पी. बेरार’ या एकाच विभागात मोडतात. राजकारणाने पुसलेला प्रांत सिनेमाच्या हिशेबवहीत टिकून आहे, आणि जबलपूरचा मराठी प्रेक्षक त्या टिकलेल्या प्रांताचा रहिवासी आहे.

या प्रेक्षकाच्या लाडक्या चित्रपटांत पाच नावे हटकून येतात: ‘जिस देश में गंगा बहती है’, ‘गुड्डी’, ‘बॉबी’, ‘अशोका’ आणि ‘मोहेंजो दारो’. कारणे उघड आहेत. पहिल्यात, चौथ्यात आणि पाचव्यात शहराजवळचा, नर्मदेकाठचा भेडाघाट दिसतो. ‘गुड्डी’ची जया भादुरी १९४८ मध्ये जबलपुरात जन्मली. ‘बॉबी’तला प्रेमनाथ याच शहरात वाढला, पुढे इथल्या एम्पायर टॉकीजचा मालक झाला, आणि त्याची बहीण कृष्णा १९४६ मध्ये राज कपूरच्या घरात गेली. म्हणजे ही यादी सरळसरळ गावकीची आणि सोयरिकीची आहे. समीक्षकाला हवा तो पुरावा चाहत्याने स्वतःच आणून दिला, असे इथे वाटू शकते.

डेव्हिड ह्यूमने १७५७ च्या अभिरुचीवरील निबंधात चांगल्या रसिकाकडून सराव, तुलना आणि पूर्वग्रहापासून मुक्ती मागितली होती. चाहत्याकडे पहिल्या दोन गोष्टी भरपूर असतात, तिसरी नसते. ह्यूमपाशी एवढ्यावर थांबता येते. खरा आक्षेप त्याच्या साडेसातशे वर्षे आधी काश्मीरमध्ये घेतला गेला आहे, आणि तो कितीतरी अधिक खोल आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत अभिनवगुप्ताने रसानुभवाची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यातले एक थेट कमानिया गेटच्या चाहत्याला लागू पडते: प्रेक्षक आपल्या किंवा दुसऱ्याच्या विशिष्ट सुखदुःखात, विशिष्ट देशात आणि विशिष्ट काळात अडकून पडणे. रंगमंचावरचा शोक ‘माझा’ झाला की प्रेक्षक स्वतःसाठी रडू लागतो. ‘त्या अमुक माणसाचा’ झाला की तो तटस्थ होतो किंवा चौकशी करू लागतो. दोन्हीकडे रस हुकतो. नाट्य रुचायचे तर भाव कोणा एकाचे न राहता साधारण व्हावे लागतात. त्यासाठी नाट्यापाशी उपाय आहेत. पूर्वरंग प्रेक्षकाला बाजारातून उचलून नाट्यात आणतो. मुकुट, वेष आणि नाट्यधर्मी संकेत नटाची ओळख झाकतात. मुकुटाखाली नट दिसेनासा झाला की राम दिसू लागतो.

‘मोहेंजो दारो’ हे या विघ्नाचे चोख उदाहरण आहे. आशुतोष गोवारीकरचा हा चित्रपट २०१६ मध्ये आला. नायक मगरीशी झुंजतो तो प्रसंग भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमध्ये चित्रित झाला. जबलपुरातला प्रेक्षक त्या क्षणी सिंधुकाठच्या संस्कृतीत नसतो, तो भेडाघाटच्या नावेत असतो. त्या घळीतले नावाडी यमकात बोलत पर्यटकांना कोणत्या कड्याशी कोणते गाणे झाले ते सांगत जातात. ते बोलणे कानात असलेल्या माणसाला पडद्यावर चार हजार वर्षांपूर्वीचा काळ दिसणे अवघड आहे. टाळी पडते ती कड्याला, मगर आणि नायक दोघेही बाजूला राहतात. अभिनवगुप्ताचा आक्षेप इथे जसाच्या तसा मान्य केला पाहिजे. स्थळाची ओळख हाच चाहत्याचा अधिकार आहे, हा चाहत्यांच्या बाजूने नेहमी होणारा युक्तिवाद या एका प्रसंगात कोसळतो. ओळख पटणे हा अधिकार नाही. पहिल्या पाहण्यात तरी तो अडथळाच आहे.

पण मग ‘जिस देश में गंगा बहती है’ या अडथळ्याला का पुरून उरतो? १९६० चा हा चित्रपट राधू कर्माकर यांनी दिग्दर्शित केला. ते आर. के.चे छायाचित्रकार, आणि दिग्दर्शक म्हणून त्यांच्या नावावर हा एवढाच चित्रपट आहे. कलादिग्दर्शन चित्रकार एम. आर. आचरेकरांचे, संकलन जी. जी. मयेकरांचे, दोघांनाही त्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. दरोडेखोरांचे हृदयपरिवर्तन हा विषय त्या वर्षी देशासमोर होताच, कारण मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात विनोबांपुढे बंडखोरांनी शस्त्रे ठेवली होती. नावात गंगा आहे, कथेला चंबळची पार्श्वभूमी आहे, आणि भेडाघाटच्या दृश्यांत पाणी नर्मदेचे आहे. चंबळच्या मातीच्या घळी आणि नर्मदेचा संगमरवर यांत कसलेही साम्य नाही. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ किंवा ‘नर्मदे हर हर’ वाचून परिक्रमेचे स्वप्न पाहिलेल्या मराठी वाचकालाही हे नामांतर खटकेल, मग तीरावर राहणाऱ्याची काय कथा.

तरी चित्रपट उभा राहतो, आणि त्याचे कारण लता मंगेशकरांनी गायलेल्या भेडाघाटच्या गाण्यात सापडते. राज कपूरचा राजू निघून चालला आहे. पद्मिनीची कम्मो त्याला थांबवण्यासाठी वाऱ्याला साकडे घालते आहे. मागे धुआंधार धबधबा कोसळतो आहे. सुमारे तीस मीटर खाली पडणारे, तुषारांचा धूर करणारे ते पाणी कोणाच्या सांगण्याने थांबणारे नाही. थांब म्हणणारी बाई आणि न थांबणारे पाणी एका चौकटीत आले की ती जागा जबलपूरची राहत नाही. नदीचे नाव गळून पडते, गाव गळून पडते, उरते ती थोपवता न येणारी गती. अभिनवगुप्त ज्याला साधारणीकरण म्हणतो ते इथे मुकुटाने झालेले नाही, प्रत्यक्ष स्थळाने केले आहे. स्थळ हे विघ्न आहे की साधन, हे दिग्दर्शक त्याला काय काम देतो यावर ठरते.

हे गावच्या माणसाला कळते, पण पहिल्या खेळाला नाही. पहिल्यांदा तो फक्त धुआंधार ओळखतो. दुसऱ्यांदा कोणत्या बाजूने कॅमेरा लावला ते शोधतो. पुढे कधीतरी, ओळखीचा आनंद वापरून संपला की, त्याला कम्मो दिसते. रसिक कोण याचे उत्तर देताना अभिनवगुप्ताने ‘लोचन’ टीकेत काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याचा मनोरूपी आरसा स्वच्छ झाला आहे तो सहृदय, असे म्हटले आहे. अनुशीलन म्हणजे पुन्हा पुन्हा जाणे. एकाच चित्रपटाला पुन्हा पुन्हा जाणारा माणूस लोकप्रिय सिनेमात कोण असतो? चाहता. गुरुवारी रात्रीच्या खास खेळाला जाऊन शुक्रवारी तारे वाटणारा समीक्षक या कसोटीत बसत नाही, कारण त्याने चित्रपट एकदाच पाहिलेला असतो. चाहत्याचा अधिकार त्याच्या प्रेमातून किंवा गावकीतून आलेला नसून या आवर्तनातून आलेला आहे. प्रेम त्याला फक्त परत घेऊन जाते.

या मताविरुद्ध सर्वांत हुशार साक्षीदार एक चित्रपटच आहे. हृषीकेश मुखर्जींची ‘गुड्डी’ (१९७१) चाहतीविषयीच आहे. शाळकरी कुसुम धर्मेंद्रवर इतकी भाळली आहे की लग्नाच्या स्थळाला ती तसे सांगून टाकते. मग त्या मुलाचा प्राध्यापक मामा (उत्पल दत्त) खुद्द धर्मेंद्रच्या मदतीने तिला स्टुडिओत नेतो. मारामारी डमी करतो, नायकाला भीती वाटते, झगमगाटामागे थकलेले, कमी पैशांवर राबणारे कामगार आहेत, हे तिला दाखवले जाते. हिरो व्हायला घर सोडून आलेला असरानीचा कुंदन एक्स्ट्रा म्हणून उभा असलेला दिसतो. बिमल रॉय यांच्या जळालेल्या स्टुडिओची आठवण निघते. उपचार यशस्वी होतो, कुसुम वास्तवात परतते.

चित्रपट सुंदर आहे, त्याची करुणा खरी आहे, पण त्याचा निष्कर्ष स्वीकारता येत नाही. मुखर्जी आणि कथाकार गुलजार यांनी अभिनवगुप्ताच्या उपायाच्या नेमके उलटे केले आहे: त्यांनी मुकुट काढून नट दाखवला. त्याने मुलीचा भ्रम गेला हे खरे, पण भ्रम हा कुसुमच्या आयुष्यातला होता, तिच्या रसिकतेतला नव्हता. पडद्यावरच्या माणसाशी लग्न करता येत नाही हे तिला कळायला हवे होते. पडद्यावरच्या माणसाने आपल्याला काय दिले याचा विचार तिने कधी करायचा, यावर चित्रपट गप्प राहतो. चाहतेपण म्हणजे आजार आणि पडद्यामागचे वास्तव म्हणजे औषध, ही समजूत तेव्हापासून सुशिक्षित मध्यमवर्गात घट्ट बसली, आणि आजच्या समीक्षेचा तुच्छ सूर तिथूनच आला आहे. विशेष हे की त्या चित्रपटाचा स्वतःचा प्राण जया भादुरी आहे. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास सत्यजित रायांच्या ‘महानगर’मध्ये दिसलेली, मग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली ही मुलगी भक्तीचा अभिनय इतक्या निर्मळपणे करते की ‘गुड्डी’ पुन्हा पाहणाऱ्याला मामाचा युक्तिवाद आठवत नाही, कुसुमचा चेहरा आठवतो. मामाचा पराभव त्याच्याच चित्रपटात झालेला आहे.

मराठीत या वादाची मांडणी रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) केली आहे. कलेची संकल्पना लौकिक आणि अलौकिक या दोन ध्रुवांमध्ये ताणलेली आहे, एकाच ध्रुवावर ती उभी राहत नाही, असे ते दाखवतात. लोकप्रिय चित्रपटाचा चाहता दोन्ही ध्रुवांवर ये-जा करतो: गाव, नातेवाईक, तिकिटाची रांग हे लौकिक, धुआंधारासमोरची कम्मो हे अलौकिक. मर्ढेकरांच्या कडक कसोटीला हा प्रवास मंजूर झाला नसता, पण सिनेमा त्याच प्रवासावर जगतो.

प्रेमनाथच्या बाबतीत जबलपूरचे मत देशापेक्षा वेगळे आहे, आणि ते टिकणारे आहे. देशाला तो मोठ्या आवाजाचा, मोठ्या हातवाऱ्यांचा खलनायक म्हणून आठवतो, ‘आन’ (१९५२) आणि ‘जॉनी मेरा नाम’ (१९७०) मधला. ‘बॉबी’त (१९७३) तो गोव्याचा कोळी जॅक ब्रगांझा आहे, आणि भडकपणाचा आरोप इथेही होतो. पण चित्रपट दोनदा पाहिला की त्या मोठेपणाचा हिशेब लागतो. प्राणचा श्रीमंत नाथ आवाज न चढवता अपमान करतो, कारण त्याच्याजवळ पैसा बोलतो. ब्रगांझाजवळ आवाजाखेरीज काही नाही. ऋषी कपूर त्याचा सख्खा भाचा होता, या माहितीने पहिल्या पाहण्यात हसू येते आणि पुढे ती विसरली जाते. त्याच नटाला सुभाष घईंनी ‘कर्ज’मध्ये (१९८०) मुका सर जूडा केले आणि पेल्यावर बोटे वाजवून बोलायला लावले. हिंदी पडद्यावरचा सर्वांत भरदार आवाज काढून घेतल्यावरही पडदा भरलेला राहतो. प्रेमनाथचे सामर्थ्य आवाजात नव्हते, हे या दोन चित्रपटांच्या तुलनेतून कळते. ही तुलना त्याच्या गावाने केली, कारण त्याचे चित्रपट गावाने सोडले नाहीत.

आवर्तनाने प्रेम वाढतेच असे नाही. संतोष सिवनचा ‘अशोका’ (२००१) जबलपुरात कौतुकाने पाहिला गेला: भेडाघाटच्या चांदण्या कड्यांत राज कपूर आणि कृष्णा यांची नात करीना कपूर. छायाचित्रण अप्रतिम आहे. मात्र पुन्हा पाहताना कडे नुसते देखणे राहतात. ‘जिस देश में…’मधल्या पाण्यासारखे त्यांना काम नाही. आणि इथे गावाची माहिती विघ्न न राहता निकष बनते. जबलपूरच्या उत्तरेला, आजच्या कटनी जिल्ह्यात, बहोरीबंदजवळ रूपनाथला अशोकाचा लघुशिलालेख आहे. त्यात राजा स्वतः सांगतो की अडीच वर्षांहून अधिक काळ तो उपासक होता, पण सुरुवातीला त्याने फारसा उद्योग केला नाही. संघाच्या जवळ आल्यावर, वर्षभराहून अधिक काळ, तो नेटाने प्रयत्न करू लागला. म्हणजे अशोकाच्या शब्दांत त्याचे परिवर्तन सावकाश झाले, मधे आळसही होता. चित्रपटात ते कलिंगाच्या रणभूमीवर, प्रेतांच्या मधोमध, एका दुपारी होते. भेडाघाटला आलेला कॅमेरा रूपनाथला गेला असता तर शेवटचा अर्धा तास वेगळा लिहावा लागला असता, आणि शाहरुख खानसारख्या नटाला पश्चात्तापाच्या एका क्षणाऐवजी संथपणे बदलणाऱ्या माणसाची भूमिका मिळाली असती.