द्यूतगृहाचा उंबरठा

फोनवर खेळावयाचें स्लॉट मशीन आणि कॅसिनोंतील स्लॉट मशीन या दोहोंत अधिक वाईट कोणतें, असा प्रश्न मध्यंतरीं आमच्या मित्रमंडळींत निघाला. एका गृहस्थांनीं तो चटकन् निकालांत काढला. "जुगार तो जुगार, विष सोन्याच्या पेल्यांतून प्यालें काय अगर मातीच्या भांड्यांतून प्यालें काय, परिणाम एकच." उत्तर ऐकावयास ठाकठीक होतें. मला तें पुरेसें कां वाटलें नाहीं, तें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम यंत्राविषयीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रॅन्सिस्को येथें चार्ल्स फे नांवाच्या कारागिरानें 'लिबर्टी बेल' हें यंत्र बनविलें. पांच सेंटचें नाणें टाकून दांडा ओढला कीं त्यांतील तीन चक्रें फिरत, आणि तीन घंटा एका ओळींत आल्या म्हणजे सर्वांत मोठें बक्षीस, पन्नास सेंट, पदरांत पडे. डोळ्यांसमोर फिरणारें चक्र हेंच तेव्हां खरें चक्र होतें. खेळणाऱ्याचें दैव त्या लोखंडांत होतें. १९८४ सालीं इंगे टेलनेस यांस अमेरिकेंत एक पेटंट मिळालें आणि ही स्थिति पालटली. चक्र कोठें थांबावयाचें हें आतां यदृच्छेनें संख्या काढणारी इलेक्ट्रॉनिक योजना ठरवूं लागली. चक्राकडे उरलें तें केवळ निकाल दाखविण्याचें काम. मोठ्या बक्षिसाच्या चिन्हास त्या संख्यांपैकीं एखादीच द्यावी आणि रिकाम्या जागेस पुष्कळ द्याव्या, हेंही साधूं लागलें. तेव्हां फोनवरील चक्र मायावी आहे असें म्हणणाऱ्यांनीं कॅसिनोंतील चक्राविषयीं फार अभिमान बाळगूं नये. अंतरंगानें दोन्ही यंत्रें आतां सख्खीं भावंडें आहेत.

किंबहुना फोनवरील भावंड पुष्कळदां अधिक उदार असतें. त्याला इमारत नको, नोकरचाकर नकोत. म्हणून लावलेल्या पैशांतील मोठा भाग तें परत करूं शकतें. परंतु या औदार्याचा हिशेब मांडून पाहावा. समजा, कॅसिनोंतील यंत्र शंभरांतले सरासरीनें नव्वद रुपये परत देतें आणि फोनवरील पंचाण्णव. पहिल्यावर मनुष्य मिनिटास दहा फेरे खेळतो, दुसऱ्यावर चोवीस. दर फेऱ्यास दहा रुपये लावले तर तासाभरांत पहिलें यंत्र सरासरी ६०० रुपये घेईल, आणि दुसरें, तें उदार यंत्र, ७२० रुपये घेईल. चोवीस हा आंकडा मीं हवेंतून काढलेला नाहीं. ऑनलाइन स्लॉटच्या एका फेऱ्यास निदान अडीच सेकंद लागलेच पाहिजेत, असा दंडक ब्रिटनमध्यें २०२१ सालापासून आहे. अडीच सेकंदांच्या विलंबाचें रक्षण करण्यासाठीं राज्यसत्तेस नियम करावा लागला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

कारण असे विलंब कॅसिनोच्या वाटेवर कोणीं नियम न करतांही पडत आले. पणजीस मांडवींत उभ्या असलेल्या जहाजावर जावयाचें तर घरीं कांहींतरी सबब सांगावी लागते, धक्क्यावरून होडींत बसावें लागतें, ओळखीचें कोणी पाहील कीं काय ही धास्ती वाहावी लागते, आणि रिकाम्या खिशानें तीच वाट परत तुडवावी लागते. हें कॅसिनोवाल्यांचें पुण्य नव्हे. खेळणाऱ्याच्या दृष्टीस घड्याळ पडूं नये म्हणून ते काय काय करतात, हें प्रसिद्धच आहे. नताशा डाउ शूल यांनीं लास व्हेगासच्या यंत्रांवर खेळणाऱ्यांविषयीं २०१२ सालीं जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांतील माणसें सांगतात कीं आपण जिंकण्यासाठीं खेळत नाहीं, खेळत राहतां यावें म्हणून खेळतों. म्हणजे उंबरठ्याच्या आंत दोन्ही ठिकाणीं सारखेंच. एकीकडे उंबरठा आहे, दुसरीकडे नाहीं.

"संयमी मनुष्यास उंबरठा कशाला हवा?" असें आमच्या मित्रांनीं विचारलें. मीही पूर्वीं असेंच विचारलें असतें. मग एके रात्रीं, उत्तरपत्रिका बाजूस सारून, मीं पैशाचा मुळींच संबंध नसलेला असा एक खेळ परीक्षा म्हणून फोनवर उघडला. दहा मिनिटें बसावें असा बेत होता. उठलों तेव्हां पाऊण तास गेला होता. जिंकावयाचें तर कांहींच नव्हतें! त्या रात्रीपासून संयम म्हणजे मनाच्या तिजोरींत कायमची ठेवलेली रक्कम होय, असें मी वर्गांत सांगत नाहीं. आपलें पुष्कळसें सद्वर्तन मनांत नसून वाटेंत असतें; वाट तोडली कीं तें कोठें जातें याचा पत्ता लागत नाहीं.

२०२५ च्या ऑगस्टमध्यें आपल्या संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. मांडवींतील जहाजें मात्र राहिलीं. मित्रांनीं यास ढोंग म्हटलें. थोडें असेलही, महसुलाचा मोह कोणत्या सरकारास सुटला आहे? पण भेद खोटा नव्हे. युधिष्ठिर खेळला तो सभेंत. सभा बहुतांशीं मूग गिळून बसली, तरी विदुरानें आधीं बजावलें, द्रौपदीनें प्रश्न विचारला आणि कौरवांपैकींच एक विकर्ण तिच्या बाजूनें उभा राहिला. त्या प्रश्नास उत्तर मिळालें नाहीं हें खरें; पण तो विचारावयास जागा होती. फोन हातांत धरून मध्यरात्रीं पांघरुणाखालीं खेळणाऱ्याची पत्नी हातभर अंतरावर निजलेली असते, आणि आपण पणास लागलों आहों हें तिला महिनाअखेरीस बँकेच्या हिशेबावरून कळतें.