हद्द कोणाच्या संमतीने ठरावी?

लोकशाहीत निर्णय लोकांनी घ्यावा हे तत्त्व मान्य केले, तरी ते लोक कोण हे कोणी ठरवायचे हा प्रश्न उरतोच; कारण मतदानाला मतदारयादी लागते, आणि यादी करण्यापूर्वी हद्द ठरलेली असावी लागते. रॉबर्ट डाल यांच्यासारख्या राज्यशास्त्रज्ञांनी या पेचावर सुचवलेले उत्तर असे की, ज्यांच्या हिताला निर्णयाची झळ पोचते त्या सर्वांना त्या निर्णयात वाटा असावा. पुण्याच्या हद्दवाढीत या तत्त्वाची खरी कसोटी लागते. शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत वर्षानुवर्षे साचत राहिला, तेव्हा ही गावे महापालिकेच्या हद्दीबाहेर होती. म्हणजे ज्यांच्या विहिरींचे पाणी नासले, त्यांना कचरा टाकणाऱ्या संस्थेच्या निवडणुकीत मतच नव्हते. 2017 मध्ये 11 गावांच्या समावेशात ही दोन्ही गावे महापालिकेत आली, पुढे मिळकतकर आणि अपुऱ्या सुविधांवरून असंतोष वाढला, आणि 2024 मध्ये ती वगळून स्वतंत्र नगरपरिषद झाली. दुर्गंधी मात्र हद्द ओळखत नाही.

हद्द बदलण्याचा अधिकार राज्य शासनाचा आहे. 1949 च्या महानगरपालिका अधिनियमात महापालिकेशी विचारविनिमयाची तरतूद आहे. गावकऱ्यांच्या वाट्याला हरकती आणि सूचना, म्हणजे अधिसूचनेच्या मसुद्यावर लेखी म्हणणे मांडण्याची संधी, तेवढी येते. ही वाटाघाट समपातळीवरची नाही.

हद्द ठरवण्यातली ही विषमता जुनीच आहे. मराठेशाहीत दोन गावांच्या शिवेचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे वतनदार आणि बलुतेदारांच्या सभेपुढे, चाले आणि निवाडा महजरात, म्हणजे निवाडापत्रात, लिहिला जाई. या व्यवस्थेचा गौरव करताना तिच्यातला अन्यायही सांगितला पाहिजे: शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष प्रमाण मानली जाई, प्रसंगी शपथेवर शीव चालून दाखवण्याचे दिव्य त्यालाच करावे लागे, आणि त्याचे घर मात्र गावकुसाबाहेरच असे. भार वाहणारा बाहेर आणि ठरवणारे आत, ही रचना अधिसूचनेच्या भाषेतही टिकून राहिली, तर केवळ प्रातिनिधिक राज्यव्यवस्था आल्याने तिचे नैतिक स्वरूप पालटत नाही.

ही रचना बदलण्याची एक वाट संविधानातच आहे. त्याच्या अनुच्छेद 243 झेडई मधील महानगर नियोजन समितीत किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निर्वाचित सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडायचे असतात. हद्दवाढीचा प्रत्येक प्रस्ताव आधी या समितीपुढे यावा, आणि ग्रामसभेच्या ठरावाविना तो पुढे जाऊ नये.