न उघडलेली शिदोरी



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक ८ ते १०.

सात्त्विक, राजस आणि तामस आहाराचे हे तीन श्लोक. यावर मला नेहमी एकच प्रश्न येतो. "दादा, मला चांगलं खायला आवडतं. मित्रांबरोबर बाहेर जायला आवडतं. पण नामस्मरण सुरू केल्यापासून आवडीचं काही खाल्लं की अपराधी वाटतं. जिभेचे लाड म्हणजे भक्तीत अडथळा का?"

आजवर या प्रश्नाला मी पुस्तकी उत्तरं दिली. आज घडलेली गोष्ट सांगतो. त्यात चूक माझीच आहे.

जोतिबाचे खेटे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असतील. दख्खनचा राजा हिमालयाकडे परत निघाला, तेव्हा त्याला थांबवायला अंबाबाई कोल्हापूरहून अनवाणी चालत डोंगरावर गेली, अशी श्रद्धा आहे. त्याची आठवण म्हणून माघात खेटे सुरू होतात. पाच रविवार लोक कोल्हापुरातून चालत वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर जातात. अंतर सतरा-अठरा किलोमीटर. पंचगंगा ओलांडायची, वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखाशी यायचं आणि मग डोंगर चढायचा. अंधारात निघालं की ऊन चढायच्या आत वर पोचतो.

त्या वर्षी तिसऱ्या खेट्याला माझ्याबरोबर पुण्याच्या ऑफिसातले तीन मित्र होते. शनिवारी रात्री आम्ही आमच्या घरी उतरलो. आई पहाटे तीनला उठली. ज्वारीच्या भाकरी, झुणका, हिरव्या मिरचीचा खर्डा, कांदा आणि छोट्या डब्यात दही, असं सगळं एका धुतलेल्या फडक्यात बांधून तिनं माझ्या सॅकमध्ये ठेवलं. "चौघांना पुरंल," म्हणाली.

दर्शन छान झालं. चांगभलंचा गजर, कपाळावर गुलाल, पायाला फोड, आणि पोटात आग. वडापनं खाली येताना मित्रांचं ठरलं होतं, कोल्हापूरला आलोय तर मिसळच खायची. रीलमध्ये बघून ठेवलेलं ठिकाण होतं. मी सॅकमधल्या शिदोरीबद्दल बोललोच नाही.

का नाही बोललो? मिसळ आवडते हे एक कारण. पण खरं कारण वेगळं होतं. त्या फडक्याची मला लाज वाटली. भाकरी मोडून हातावर घेऊन खायची, खर्डा बोटाला लागणार, मित्र काय म्हणतील, असं वाटलं. मिसळीच्या रांगेत अर्धा तास उभे राहिलो, फोटो काढले, जास्तीचा कट मागून घेतला. मिसळ अप्रतिम होती, खोटं कशाला बोलू!

रात्री दहाला पुण्याच्या खोलीवर सॅक उघडली. दिवसभराच्या उन्हात दही फसफसलं होतं, झुणक्याला वास येत होता. सगळं कचऱ्याच्या डब्यात टाकलं. तेवढ्यात आईचा फोन. "खाल्लास न्हवं भाकरी?"

"व्हय, मस्त होती," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि रोजच्या नेमाप्रमाणे गीता उघडली. क्रमानं तेव्हा सतरावा अध्याय चालू होता.

आता श्लोकांकडे येऊ. सात्त्विक आहाराच्या वर्णनात भगवंत आधी सांगतात की हा आहार कशासाठी असतो. आयुष्य, मनाचं सत्त्व, बळ आणि आरोग्य वाढावं म्हणून. पण यादी तिथं संपत नाही. त्यात सुख आहे आणि प्रीतीही आहे. म्हणजे जेवून आनंद होणं आणि माणसामाणसांत माया वाढणं, हेही सात्त्विक अन्नाचंच काम आहे. पुढे अशा अन्नाचे गुण येतात, त्यातला पहिलाच गुण 'रस्य', म्हणजे रसाळ. आणि ज्याची चवच गेली आहे ते अन्न कुठे ठेवलंय? तामस आहारात! बेचव खाणं म्हणजे सात्त्विक खाणं, ही समजूत गीतेतली नाही. आपली आपणच करून घेतलेली आहे.

मग राजस. तिखट, आंबट, खारट, खूप गरम... हे वाचून आम्हा कोल्हापूरकरांना धडकीच भरते. पण आद्य शंकराचार्य आपल्या भाष्यात एक छान गोष्ट सांगतात. श्लोकातला 'अति' हा शब्द त्यांनी सगळ्याच चवींना जोडून घ्यायला सांगितलाय. अति तिखट, अति आंबट, अति खारट. दोष अतिरेकाचा आहे, मिरचीचा नाही. शिवाय या आहाराची खूण श्लोकातच दिली आहे : नंतर दुःख, शोक आणि रोग पदरात पडतो. त्यामुळे ताटात काय आहे एवढंच बघू नका. खाऊन झाल्यावर आपलं काय होतं, हेही बघा.

त्या मिसळीनं माझं पोट बिघडलं नव्हतं. पण खाऊन बारा तास व्हायच्या आत मी आईशी खोटं बोललो होतो.

आणि तिसरा श्लोक. त्यात पहिलाच शब्द आहे 'यातयाम'. शब्दशः अर्थ, ज्याच्यावरून प्रहर उलटून गेलाय असं अन्न. आजवर हा श्लोक मी फ्रीजमधल्या शिळ्या भाजीसाठी वापरत आलो. त्या रात्री पहिल्यांदा मनात आलं, ही शिदोरी पहाटे तीनला बांधली तेव्हा काय होती? रसाळ होती, मायेनं केलेली होती, चौघांना पुरेल इतकी होती. आईच्या हातून सात्त्विक निघालेलं अन्न माझ्या पाठीवर तामस झालं. ते तसं कुणी केलं? मी. केवळ न उघडून.

तैत्तिरीय उपनिषदात भृगुवल्लीत अन्नाची निंदा करू नये असं व्रत सांगितलंय. मला वाटायचं, निंदा म्हणजे नावं ठेवणं. पण लपवणं ही निंदा नाही का? मी तोंडातून एक शब्दही न काढता आईच्या भाकरीला नावं ठेवली होती.

मग बाहेर खाणं चूक का? मुळीच नाही. भागवताच्या दहाव्या स्कंधात बघा. कृष्ण आणि सवंगडी घरून शिदोऱ्या घेऊन निघतात आणि यमुनेच्या वाळवंटात गोल करून जेवायला बसतात. कुणी पानावर, कुणी फुलांवर, कुणी दगडावर वाढून घेतलंय. कृष्णाच्या हातात दहीभाताचा घास आहे. प्रत्येक जण आपापल्या घरची चव दुसऱ्याला दाखवतोय आणि हास्यविनोद चाललाय. वारकरी सप्ताहाची सांगता काल्यानं करतात ती याच प्रसंगाच्या आठवणीनं. मित्रांबरोबर बाहेर, मजेत, चवीनं खाणं प्रत्यक्ष भगवंतानं केलंय. फरक इतकाच, तिथं कुणी आपली शिदोरी लपवली नाही.

आणि हॉटेलातल्या अन्नामागेही कुणाचे तरी हात असतात. सकाळी सातला आपल्यासमोर कट येतो, तेव्हा तो करणारा किती वाजता उठलेला असतो याचा विचार करा. चैत्र यात्रेत गायमुखाला सहजसेवा ट्रस्टचं अन्नछत्र असतं. तिथं आपण वाढणाऱ्याचं नावही विचारत नाही, तरी तो घास प्रसाद म्हणूनच खातो. घरचं ते पवित्र आणि बाहेरचं ते अपवित्र, इतकं हे सोपं नाही.

चौथ्या खेट्याला मी पुन्हा घरी गेलो. या वेळी मित्र नव्हते. आई पीठ मळत होती, तेव्हा तिला खरं काय ते सांगून टाकलं. भाकरी टाकली, खोटं बोललो, लाज वाटली, सगळं. वाटलं, रडेल किंवा चिडेल. ती थोडा वेळ थापतच राहिली. मग म्हणाली, "फडकं तरी परत आणलंस का?"

आणलं होतं. धुवून.

"बरं केलंस." भाकरी तव्यावर टाकून, वरून पाण्याचा हात फिरवून तिनं विचारलं, "मिसळ कशी होती रं?"

"चांगली होती. तू खाल्ली असशील की तिथली."

"मी कुठं गेलोय तिथं कधी."

मित्रांनो, घर पेठेत, ते हॉटेल चालत वीस मिनिटांवर, आणि तिचं सगळं आयुष्य कोल्हापुरात गेलेलं. मी शाळेपासून तिथं जातो. बाबा जायचे. पाहुण्यांना आम्ही कौतुकानं घेऊन गेलो. आणि आईला? तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती घरी असायची, कारण संध्याकाळचा स्वयंपाक असायचा.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तेरावा श्लोक आहे. यज्ञ करून उरलेलं खाणारे संत पापातून सुटतात आणि जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात, असा त्याचा भाव. आपल्याकडे हा श्लोक सांगताना हमखास आईचं उदाहरण देतात. बघा, ती सगळ्यांना वाढून शेवटी उरलेलं खाते, हाच खरा यज्ञ! मीही इथं तसंच लिहिलं होतं. आता ते लिहिताना हात अडखळतो. उरलेलं खाण्याचा धर्म भगवंतानं सगळ्यांना सांगितलाय. आपण तो सोयीनं एका माणसाला देऊन टाकला, वर त्याचं कौतुक केलं, आणि स्वतः आधी जेवून मोकळे झालो.

म्हणून 'चवीनं खाणं पाप आहे का' या प्रश्नाचं माझं उत्तर असं : चवीनं खा, मनापासून खा. मात्र जेवताना दोन गोष्टी स्वतःला विचारा. या आनंदासाठी मी काही लपवतोय का? आणि या आनंदात कोण यायचं राहिलंय? पहिल्या प्रश्नात माझी शिदोरी होती, दुसऱ्यात माझी आई.

पाचव्या खेट्याला मित्र पुन्हा आले. गायमुखाशी सावलीत फडकं उघडलं. एकानं खर्डा जास्त घेतला आणि डोळ्यांतून पाणी काढत तिसरी भाकरी मागितली. चौघांना पुरेल अशी शिदोरी चौघांना पुरली नाही!

सोमवारची रजा टाकली होती. सकाळी आईला घेऊन मिसळ खायला गेलो. ती नवी साडी नेसून आली होती. रांगेत उभी राहिली. मिसळ समोर आल्यावर, घरी नैवेद्य दाखवताना जोडते तसे हात जोडले. सावकाश खाल्ली. ब्रेडचा तुकडा कटात बुडवून ताटली पुसून घेतली. मी विचारलं, "कशी आहे?"

"कट चांगला हाय," ती म्हणाली. "मटकी जरा जास्त शिजलीय." मग थोड्या वेळानं, "दुसरी घेऊया का एक, दोघांत?"

घेतली.

आजचा संकल्प : आज जेवायच्या आधी हात जोडाल, तेव्हा ज्यानं किंवा जिनं हे रांधलं, त्या माणसाचं स्मरण करा. घरी कुणाच्या हातचं खात असाल, तर 'तू जेवलीस का' एवढ्यावर थांबू नका. 'तुला काय खावंसं वाटतंय' हेही विचारा. उत्तर लगेच येणार नाही. सवय नसते. पुन्हा विचारा.

जोतिबाच्या नावानं चांगभलं!