दुबार पेरणी



जून-जुलै आला की रविवारच्या मिस्सानंतर आमच्या कार्यालयाच्या दारात चपला वाढतात. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला शिफारसपत्र. आणि काही जण नुसतेच बसून राहतात. हातात प्लॅस्टिकची फाईल, फाईलमध्ये गुणपत्रिका, आणि चेहऱ्यावर प्रश्न. असेच एक वडील आणि त्यांची मुलगी काही दिवसांपूर्वी येऊन बसले.

मुलीने अकोल्यात दोन वर्षे शिकवणी वर्ग लावून वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा दिली होती. दोन्ही वेळा गुण कमी पडले. मग बी.एस्सी.ला नाव घातले, पहिले वर्ष पार पडले. आता ती म्हणत होती की अमरावतीच्या महाविद्यालयात जायचे आहे, आणि शाखा बदलून भूगोल घ्यायचा आहे. वडील हात जोडून म्हणाले, "फादर, तुम्हीच समजवा हिले. एक साल गेलं, पैसा गेला. आता पुन्हा पहिल्यापासून? लोकं काय म्हनतीन?" मुलगी खाली मान घालून बसली होती. ती एवढेच म्हणाली, "फादर, मी आळशी नाही जी. मले तिकडे जावंसं वाटते."

त्या दिवशी आम्ही लगेच उत्तर दिले नाही. त्याला कारण आहे, आणि ते सांगणे आम्हांला सोपे नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा असाच आमच्याकडे आला होता. त्याला ते शिक्षण सोडायचे होते. आम्ही तरुण होतो, सेमिनरीतून तत्त्वज्ञान शिकून आलो होतो, आणि उत्तर आमच्या जिभेवर तयार होते. नांगराला हात घातल्यावर मागे पाहू नये, असे आम्ही त्याला शुभवर्तमानाचा आधार देऊन सांगितले. तो "बरं फादर" म्हणून गेला. नंतर त्याने ते शिक्षण अर्धवट टाकलेच, पण घरी सांगितले नाही. वर्षभर तो रोज डबा घेऊन निघत होता आणि कुठेतरी बसून परत येत होता. घरच्यांना कळले तेव्हा फार उशीर झाला होता. त्याने मिस्साला येणेही सोडले. ते वचन प्रभूच्या मागे जाण्याविषयीचे आहे, प्रवेशअर्जाविषयीचे नाही, हे आम्हांला तेव्हा कळायला हवे होते.

तेव्हा मूळ प्रश्न असा आहे: धरलेले सोडणे हा नेहमीच दोष आहे काय?

चिकाटी हा सद्‌गुण आहे, यात शंका नाही. पण वचन आणि बेत या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. विवाहात आपण एका माणसाला शब्द देतो. गुरुदीक्षेत देवाला आणि ख्रिस्तसभेला शब्द देतो. तो शब्द मोडला तर कोणाचा तरी विश्वासघात होतो. महाविद्यालयात नाव घातले तेव्हा आपण रसायनशास्त्राला वचन दिलेले नसते. तो एक बेत असतो, आणि बेत बदलता येतो.

मग आईवडिलांचे काय? त्यांनी पोटाला चिमटा घेऊन फी भरली, त्याचे ऋण नाही काय? आहे, आणि मोठे आहे. पण ते ऋण फेडायचे कशाने, हे नीट पाहिले पाहिजे. आईवडिलांना आपण कृतज्ञता देणे लागतो, खरे बोलणे देणे लागतो आणि कष्ट देणे लागतो. विशिष्ट विषय देणे लागत नाही. डबा घेऊन वर्षभर खोटे निघण्यापेक्षा एकदा समोर बसून "मला हे जमत नाही" म्हणणे हेच चौथ्या आज्ञेला धरून आहे.

आणि गेलेल्या पैशाचे? आपल्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे तत्त्वज्ञान कोणी शिकवावे लागत नाही. मृगात पेरले, पावसाने दडी मारली, बियाणे करपले, तर तो दुबार पेरणी करतो. "बियाण्याची थैली महाग होती, म्हणून मी हे जळालेले रानच सांभाळीन" असे तो म्हणत नाही. थैलीचे पैसे गेले ते गेलेच. प्रश्न उरतो तो पुढच्या हंगामाचा. पण तोच शेतकरी चार दिवस ढग दिसले नाहीत म्हणून लगेच वखर घालत नाही. तो शेतात जातो, माती उकरतो, दाण्याला कोंब आहे की दाणा कुजला आहे ते पाहतो. धीर आणि बदल या दोहोंची वेळ त्याला कळते. विद्यार्थ्यानेही आधी मातीच उकरून पाहायला हवी.

ती कशी उकरावी, हे ३१ जुलैला ज्यांचा सण येतो त्या संत इग्नेशिअस लोयोला यांच्याकडून शिकता येते. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय जायबंदी झालेला हा सरदार १५२४ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, बार्सिलोनात लहान मुलांबरोबर लॅटिन शिकायला बसला. १५२६ मध्ये तो अल्काला येथील विद्यापीठात गेला. तेथे त्याने तर्कशास्त्र, निसर्गविद्या, ईश्वरज्ञान असे सगळे एकदम घेतले आणि कशातच पाया पक्का झाला नाही. त्यात धर्मन्यायालयाच्या चौकशा पाठीमागे लागल्या. १५२७ मध्ये सालामान्का, तेथेही तेच. १५२८ मध्ये तो पॅरिसला पोहोचला, आणि तेथे त्याने पुन्हा पहिल्यापासून, मुलांच्या रांगेत बसून, लॅटिनची उजळणी केली. मग तत्त्वज्ञान घेतले आणि १५३५ साली तो मास्टर झाला. तीन विद्यापीठे आणि दोनदा शून्यापासून सुरुवात! ज्याच्या येशूसंघाने पुढे जगभर महाविद्यालये काढली, त्याचा स्वतःचा अभ्यास असा तुकड्यातुकड्यांचा होता.

याच संताने आपल्या आध्यात्मिक साधनेत एक नियम घालून दिला आहे. मन उदास, कोरडे, अंधारलेले असेल तेव्हा आधी शांतपणे केलेला निर्णय बदलू नये. निकाल लागला त्या रात्री शाखा बदलू नये, एवढा याचा सरळ अर्थ. मात्र मन स्थिर झाल्यावर, महिना-दोन महिन्यांनीही तीच ओढ टिकून असेल, तर तिच्याकडे कानाडोळाही करू नये. आपण कशापासून पळतो आहोत की कशाकडे जातो आहोत, हे तेव्हा दिसू लागते.

म्हणून आम्ही त्या मुलीला विचारले, "भूगोलच का?" तिने सांगितले की तिच्या आजीचे गाव दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात आहे. लहानपणापासून तिला प्रश्न होता की आजीच्या विहिरीचे पाणी खारे का, आणि मामाच्या गावचे गोड का. पूर्णेचे खोरे, तिथली माती, जमिनीखालचे पाणी यांविषयी तिने आपणहून वाचले होते. ती दहा मिनिटे बोलत होती. वडिलांनी हे पूर्वी कधी ऐकले नव्हते, असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले. दाण्याला कोंब होता.

"पण भूगोल शिकून करणार काय?" हा वडिलांचा प्रश्नही खोटा नाही. गरीब घराला तो विचारावाच लागतो. पण विषय म्हणजे जन्माची कुंडली नव्हे. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी १८९८ साली जन्मलेले पंजाबराव देशमुख पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२० साली विलायतेला गेले, बॅरिस्टर झाले, आणि डॉक्टरेट केली ती वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर. परत येऊन त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि १९५२ ते १९६२ या काळात ते देशाचे कृषिमंत्री होते. अकोल्याचे कृषी विद्यापीठ आज त्यांच्या नावाने आहे. वेदांचा अभ्यास कापसाच्या शेतकऱ्याच्या काय कामाचा, असे तेव्हा कोणी विचारले असते तर उत्तर देणे कठीण होते. मन लावून केलेला अभ्यास माणसाला घडवतो, आणि घडलेला माणूस पुढे अनेक कामांना लागतो. मात्र त्यात मन लावलेले असावे लागते.

आता निवड कोणी करायची? संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: सल्लामसलत, निवाडा आणि अंमल. आमच्या मते घराघरांतले भांडण या पायऱ्यांची सरमिसळ झाल्यामुळे होते. पहिल्या पायरीवर सगळ्यांनी बसावे: आईवडील, शिक्षक, त्या विषयाचा एखादा माजी विद्यार्थी, हवे तर धर्मगुरूही. खर्च किती, कर्ज किती, वसतिगृह मिळेल का, हे मोकळेपणाने बोलावे. पण निवाडा ज्याला शिकायचे आहे त्याचा असावा, कारण पहाटे उठून पुस्तक त्यालाच उघडायचे आहे. आणि तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, असे संत थॉमस म्हणतात. ठरले की करावे. पूर्ण खात्री होईपर्यंत थांबणाऱ्याचा हंगाम निघून जातो. अशा बाबतींत गणितासारखी खात्री कोणालाच मिळत नसते.

करताना व्यवहारही पाहावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर मेजर, मायनर, क्रेडिट हे शब्द आपल्या घरांत आले आहेत. मिळवलेले क्रेडिट आता अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात, साधारण सात वर्षेपर्यंत. पण जमा आहेत म्हणजे नवीन शाखेत सगळे धरले जातील असे नाही. कोणते धरतील, हे नवीन महाविद्यालयाकडून आधी लेखी घ्यावे. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ हे पाचही जिल्हे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाखाली येतात. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्याला मायग्रेशन सर्टिफिकेटही लागते. आणि नवीन जागा पक्की होण्याआधी जुन्या ठिकाणची टी.सी. काढण्याची घाई करू नये.

त्या वडिलांनी आठवडाभराने अर्जावर सही केली. सही करताना ते म्हणाले, "फादर, मले अजून भेव वाटते." आम्ही म्हणालो, "आम्हांलाही वाटते." मुलगी आता अमरावतीला आहे. तिचे पुढे कसे होईल, हे आम्हांला माहीत नाही. दुबार पेरणीलाही पाऊस लागतोच, आणि तो आपल्या हातात नाही. त्यासाठी प्रार्थना आहे.

आमच्या धर्मग्रामात जर कोणी मुलगा किंवा मुलगी रोज डबा घेऊन निघत असेल आणि वर्गात पोहोचत नसेल, तर त्याने एकदा आमच्याकडे यावे. या खेपेला आम्ही आधी ऐकून घेऊ.

तुमचे धर्मगुरू