पोटातलं रेडकू

शिकवणं म्हणजे निम्मं दुरुस्त करणंच. खोंडाला औताला जुंपलं की तास धरायला शिकवावं लागतं, त्याशिवाय तो रान नांगरणार कसा? पण चाल ज्याची त्याची असते. ती बदलायला जाल तर बैल बुजतो. पोरांच्या बाबतीत मात्र तास कुठला आणि चाल कुठली, हे पटकन कळत नाही.

माझ्या भावाची नात कोल्हापुरात ए.टी.डी. करते. म्हणजे शाळेत चित्रकला शिकवायचा डिप्लोमा, दोन वर्षांचा. स्वतः वस्तुचित्र, संकल्पचित्र काढायचंच, वर शाळेत जाऊन पाठ घ्यायचे. टाचण लिहायचं, फळ्यावर काढून दाखवायचं. मागच्या बाकावर सर बसलेले असतात, गुण त्यांच्या हातात.

एका पाठाला विषय होता आवडता प्राणी. पाचवीतल्या पोरीनं म्हैस काढली. दोन्ही डोळे एकाच बाजूला, चारी सडं मोजून घ्यावीत अशी, आणि पोटात रेडकू! अंगाला खिडकी पाडल्यागत. सर म्हणाले, बाहेरून दिसतं तेच काढायला शिकव. नात घरी येऊन मला विचारते, "आण्णा, खोडायला लावू का?"

मी दहावी शिकलेला, चित्रातलं मला काय कळतंय. पण म्हैस कळते. गाभण म्हशीकडं बघताना धन्याला तिचं काळं अंग दिसतच नाही. दहा महिने तो पोटातलं रेडकूच बघत असतो. पोरीनं घरात सगळ्यांच्या डोळ्यांत जे बघितलं, ते कागदावर उतरवलं. त्याला चूक कसं म्हणायचं?

सरही खोटे नाहीत. इंटरमिजिएटच्या परीक्षेत समोर तांब्या ठेवला की त्याचं तोंड लंबगोल काढावं लागतं. ते गोल आहे हे मला ठाऊक आहे, असं तिथं चालत नाही. ज्या कोल्हापुरात आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर होऊन गेले, तिथं 'नीट बघू नका' असं कोण म्हणेल?

मी नातीला म्हणालो, "पोरगी विचारंल तेवढं दाखव. न विचारता रेडकू खोडू नको. ते तिचं म्हणणं हाय."

ती म्हणाली, "तुमचं बरोबर हाय, आण्णा. पण माझं गुण गेलं तर? पूर्णवेळ जागा निघत न्हाईत. तासिकेवर राबायचं, त्यात गुण कमी म्हटल्यावर दारात तरी कोण उभं करील?"

यावर मी गप्प बसलो. दुसऱ्याच्या पोरीच्या रेडकापायी हिनं स्वतःच्या पोटावर पाय आणावा, असं शेतावर बसून सांगणं सोपं आहे.

पुढच्या पाठाचं टाचण तिनं रात्री लिहिलं. विषय होता, समोर बघून म्हैस. पहिली चित्रं तिनं पोरांना तशीच परत दिली, एकही न खोडता. गुण अजून लागायचे आहेत.